गिअरची गाडी शिकताना: आधी क्लच, मग रस्ता

गिअरची गाडी शिकताना ज्यांना त्रास होतो, त्यांपैकी बहुतेकांची अडचण स्टेअरिंगची नसून डाव्या पायाची असते. चौकात सिग्नल हिरवा होतो, गाडी गचका खाऊन बंद पडते, मागचे हॉर्न वाजवू लागतात आणि घाईघाईने पुन्हा सुरू केलेली गाडी पुन्हा बंद पडते. याचे मूळ शिकवण्याच्या क्रमात आहे. आपल्याकडे बहुधा पहिल्याच दिवशी शिकणाऱ्याला वाहत्या रस्त्यावर नेले जाते. प्रशिक्षकाच्या पायाखाली क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी असते, गाडी प्रत्यक्षात तोच सांभाळतो आणि शिकणारा केवळ स्टेअरिंग फिरवत राहतो. वर्ग संपल्यावर आपल्याला गाडी येते असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. पण घरच्या गाडीत ती दुसरी जोडी नसते, आणि मग परवाना खिशात असूनही गाडी अंगणात उभी राहते.

म्हणून या लेखात क्रम बदलला आहे. आधी उभ्या गाडीत क्लच, मग मोकळ्या मैदानात पहिला आणि दुसरा गिअर, त्यानंतर चढ, मग गावाकडचा रस्ता, आणि शहर व घाट सर्वांत शेवटी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्यांना एक सोय आहे. पूर्वेकडच्या सपाट काळ्या रानातल्या सरळ रस्त्यापासून पश्चिमेच्या घाटापर्यंत सर्व प्रकारचे रस्ते येथे जवळजवळ आहेत. तोच या भागाचा धोकाही आहे, कारण सपाटीवर शिकलेला माणूस परवाना मिळताच गोव्याला निघतो आणि पहिला खरा उतार त्याला थेट चोर्ला घाटात भेटतो.

परवाना आणि शिकवणारा

गिअरच्या मोटारीसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. प्रथम शिकाऊ परवाना काढावा लागतो. त्यासाठी ‘सारथी’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून वाहतुकीचे नियम आणि रस्त्यावरील चिन्हे यांची चाचणी द्यावी लागते. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, चिकोडी, बैलहोंगल आणि गोकाक येथे प्रादेशिक परिवहनची कार्यालये असून गाड्यांच्या क्रमांकांतील केए २२, २३, २४ आणि ४९ हे आकडे त्यांचेच आहेत. शिकाऊ परवाना ६ महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवस उलटल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. हे ३० दिवस वाट पाहण्याचे नसून सरावाचे आहेत, असे मानून त्यांची आखणी करावी. सीमाभागातील अनेक कुटुंबांचे नातेवाईक चंदगड, गडहिंग्लज, कागल या बाजूला असतात आणि तिकडे सराव करता येईल का, अशी शंका अनेकांना असते. मोटार वाहन कायद्यानुसार शिकाऊ आणि पक्का असे दोन्ही परवाने संपूर्ण भारतात ग्राह्य असल्याने राज्याची हद्द ओलांडली म्हणून अडचण येत नाही.

शिकाऊ चालकाच्या शेजारी पक्का परवानाधारक बसलेला असणे आणि गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ असणे कायद्याने बंधनकारक आहे. ही पाटी १८ सेंटिमीटर चौरस आणि त्यावरील अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच असावे, असे नियम सांगतो. पुष्कळजण कागदाच्या तुकड्यावर पेनाने अक्षर काढून काचेला चिकटवतात आणि ते दहा पावलांवरूनही दिसत नाही. मागच्या चालकाने आपल्याला सांभाळून घ्यावे हा त्या पाटीचा हेतू असल्यामुळे ती मोठी आणि स्वच्छ लावण्यात शिकणाऱ्याचाच फायदा आहे.

प्रशिक्षण शाळा निवडताना शुल्कापेक्षा दोन गोष्टी आधी विचाराव्यात. खासगी मोटारीच्या प्रशिक्षणासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास नियमांत अपेक्षित आहेत. त्यांतील किती तास आपल्या वाट्याला येणार, हा पहिला प्रश्न. एका गाडीत चौघांना बसवून प्रत्येकाला दहा-पंधरा मिनिटे देणाऱ्या ठिकाणी हे तास भरत नाहीत. दुसरा प्रश्न असा, की चढावर गाडी थांबवून पुन्हा काढणे शिकवले जाते का आणि त्या वेळी प्रशिक्षक आपले पाय जोडपेडलवरून बाजूला घेतो का. या दोन प्रश्नांना सरळ उत्तरे देणारी शाळा थोडी महाग असली तरी तीच निवडावी.

घरातील काका, मामा किंवा थोरला भाऊ शिकवणार असेल तर मागच्या बाकावर आणखी कोणी बसू नये, कारण तीन तोंडांनी सूचना मिळाल्या की शिकणारा एकही पाळू शकत नाही. शिकवणाऱ्याने हँडब्रेक आपल्या हाताला सहज लागतो ना, हे आधी तपासावे आणि शब्द ठरवून घ्यावेत. ‘थांब’ म्हणजे ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबणे, ‘सोड’ म्हणजे केवळ ॲक्सिलेटरवरचा पाय काढणे. ‘अरे, अरे, बघ की’ ही सूचना नव्हे. आवाज चढला की शिकणाऱ्याचा पाय आखडतो, आणि आखडलेल्या पायाने क्लच कधीच हळू सुटत नाही.

बसणे

आसन इतके पुढे घ्यावे की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहील. पाय पूर्ण ताठ होत असेल तर क्लच अर्धवटच दाबला जातो आणि गिअर टाकताना खरखर होते. उजव्या पायाची टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकवून पंजा ब्रेकवरून ॲक्सिलेटरकडे वळवावा. तो पाय या दोहोंसाठी आहे आणि डावा पाय केवळ क्लचसाठी. कोल्हापुरी किंवा सुटी चप्पल घालून शिकू नये, कारण तिची मागची बाजू पेडलखाली अडकते. पायात घट्ट बसणारा, पातळ तळाचा बूट सर्वांत चांगला. चालकाच्या पायाशी पाण्याची बाटली, छत्री किंवा सरकणारी जादा चटई ठेवू नये. तिन्ही आरसे लावून, पट्टा बांधून मगच चावीला हात घालावा.

क्लच म्हणजे काय होते

इंजिन सुरू असताना ते सतत फिरत असते. उभ्या गाडीतही त्याचे मिनिटाला साधारण सात-आठशे फेरे होतात. चाके मात्र थांबलेली असतात. फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांना जोडणारा व तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला एक जड चक्र असते आणि त्याला स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली एक खरखरीत तबकडी असते, जिला गॅरेजमध्ये क्लचप्लेट म्हणतात. पेडल दाबले की तबकडी चक्रापासून सुटते आणि चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो. पेडल सोडू लागले की तबकडी प्रथम चक्राला घासते, मग हळूहळू त्याच्या वेगाने फिरू लागते आणि शेवटी दोन्ही एकजीव होतात. पेडल एकदम सोडले तर थांबलेल्या चाकांचे सगळे ओझे क्षणात इंजिनावर पडते. इंजिनाला ते पेलत नाही, गाडी गचका देते आणि बंद पडते.

घासण्याच्या या मधल्या टप्प्याला आपल्याकडे हाफ क्लच म्हणतात. गाडी जागेवरून हलवण्याचे सगळे कसब त्या दोन-तीन बोटांच्या अंतरात आहे. गाडीगणिक ही जागा बदलते. एका गाडीत ती तळाजवळ असते, तर क्लचप्लेट झिजत आलेल्या गाडीत पेडल जवळजवळ वर आल्यावर सापडते. त्यामुळे दुसऱ्याची गाडी हातात घेतल्यावर अनुभवी माणसालाही पहिले एक-दोन गचके बसतात.

पहिला सराव इंजिन बंद ठेवून करावा. क्लच तळापर्यंत दाबावा, पहिला गिअर टाकावा, न्यूट्रलला म्हणजे कोणताही गिअर न लागलेल्या स्थितीत आणावा, दुसरा टाकावा, पुन्हा न्यूट्रल. गिअरची मूठ आवळून न धरता तळहाताने ढकलावी, कारण न्यूट्रलमध्ये दांडा आपोआप तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या रेषेवर येऊन थांबतो व योग्य दिशेला हलका रेटा दिला की गिअर स्वतःच जागा शोधतो. रिव्हर्सची जागा मात्र प्रत्येक कंपनीच्या गाडीत वेगळी असू शकते. काही गाड्यांत मुठीखालचे कडे वर ओढावे लागते, काहींत दांडा खाली दाबावा लागतो. ती आपल्या गाडीत कोठे आहे हे मुठीवरच्या आकृतीत पाहून घ्यावे. खाली न पाहता पाचही गिअर सापडू लागेपर्यंत हा सराव करावा. कंटाळवाणा वाटला तरी तो टाळू नये, कारण पुढे रस्त्यावर मुठीकडे पाहण्यासाठी मान खाली घालायला वेळ नसतो.

दुसरा सराव सपाट, मोकळ्या आणि कठीण जमिनीवर करावा. गावातील हायस्कूलचे मैदान मुले नसताना मोठ्या माणसांची परवानगी काढून वापरता येते. बेळगावात सुट्टीच्या दिवशी उद्यमबागेतील कारखान्यांच्या आतल्या रस्त्यांवर वर्दळ कमी असते. कॅम्पातले झाडीचे रुंद रस्ते सर्वांना मोहात पाडतात, पण तेथे पहाटे फिरायला येणारे पुष्कळ असतात आणि काही भागांत लष्कराचे निर्बंध आहेत. पहिल्या धड्याला ती जागा योग्य नाही.

इंजिन सुरू करावे, हँडब्रेक ओढलेला ठेवावा, उजवा पाय ब्रेकवर ठेवावा, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा. आता टाच जमिनीवर टेकवून क्लच अगदी सावकाश वर येऊ द्यावा. एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो, फेऱ्यांचा काटा किंचित खाली येतो आणि आसनाखाली बारीक थरथर जाणवते. तीच जागा. तेथे पाय क्षणभर थांबवावा, पुन्हा क्लच दाबावा आणि हेच पुन्हा करावे. पाय न शोधता त्या जागी जाऊन थांबू लागेपर्यंत गाडी हलवण्याची घाई करू नये.

मग हँडब्रेक सोडावा, क्लच त्या जागेवर आणावा आणि ब्रेकवरचा पाय उचलावा. ॲक्सिलेटरला पायही लावायचा नाही. बऱ्या स्थितीतील गाडी सपाटीवर केवळ इंजिनाच्या मूळ फेऱ्यांवर सरकू लागते. गाडी सरकू लागली की लगेच क्लच सोडून देण्याचा मोह होतो आणि गचका तेथेच बसतो. गाडीला आपल्या लांबीइतके अंतर सरकू द्यावे, मगच उरलेला क्लच सोडावा. थांबताना क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबावेत. एवढा एकच धडा, चालणे आणि थांबणे, पहिला पूर्ण दिवस करावा. ॲक्सिलेटरशिवाय गाडी हलवता येणाऱ्याला पुढे ॲक्सिलेटर शिकवावा लागत नाही. उलट आधी रेस देऊन क्लच सोडायला शिकलेल्या माणसाचे इंजिन प्रत्येक चौकात किंचाळते आणि त्याची क्लचप्लेट लवकर जळते.

गाडी बंद पडली तर ब्रेक, क्लच, न्यूट्रल, चावी या क्रमाने पुन्हा सुरू करावी. हा क्रम मैदानातच, मुद्दाम गाडी बंद पाडून, घोटून घ्यावा. रस्त्यात गाडी बंद पडणे हा गुन्हा नाही. बंद पडल्यावर ब्रेक सोडून चावी शोधणे मात्र धोक्याचे आहे.

गिअर वर आणि खाली

छोट्या मोटारीत पहिल्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे साधारण चौदा-पंधरा फेरे होतात, पाचव्याला तीन-चार. म्हणून पहिल्यात ओढण्याची ताकद भरपूर आणि वेग कमी, तर पाचव्यात वेग भरपूर आणि ओढ कमी. गाडी हलली की लगेच दुसरा टाकावा. त्यानंतर साधारण ३०च्या आसपास तिसरा, ४५च्या आसपास चौथा आणि ६०च्या पुढे पाचवा, हे अंक केवळ सुरुवातीच्या आधारासाठी आहेत. खरा मापदंड इंजिनाचा आवाज आहे. आवाज चढून ताणला गेला की वरचा गिअर हवा, आणि ॲक्सिलेटर दाबूनही गाडी घुमत, थडथडत राहिली की खालचा हवा.

वरचा गिअर टाकताना ॲक्सिलेटर सोडणे आणि क्लच दाबणे एकाच वेळी घडावे. खालचा गिअर टाकताना नवशिके वेग कमी न करताच दांडा ओढतात आणि गाडी पुढे झुकून झटका देते. आधी ब्रेकने वेग उतरवावा, मग गिअर उतरवावा आणि क्लच वर येताना थोडा जास्त वेळ घ्यावा. वळणावर गिअर बदलू नये. वळणाच्या आधी बदलून दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून वळावे.

ब्रेक मारताना क्लच आधी दाबण्याची सवय फार पसरलेली आहे. चांगल्या वेगात असताना क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव निघून जातो आणि सगळे काम एकट्या ब्रेकवर येते. त्यामुळे वेगात असताना आधी ब्रेक आणि गाडी थांबण्याच्या बेताला आल्यावर क्लच, असा क्रम ठेवावा. अचानक समोर मूल किंवा म्हैस आली तर क्लचचा विचारच करू नये, ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावा आणि दाबूनच ठेवावा. गाडी बंद पडली तर पडू द्यावी. एबीएस, म्हणजे जोराच्या ब्रेकने चाके जाम होऊ न देणारी सोय, असलेल्या गाडीत अशा वेळी पेडल पायाखाली धडधडते. ती बिघाडाची खूण नाही, पाय उचलू नये.

डावा पाय गिअर बदलून झाल्यावर क्लचवर विसावता कामा नये. पायाच्या ओझ्यानेही क्लचप्लेट किंचित घसरत राहते आणि झिजते. तो पाय बाजूला जमिनीवर ठेवावा.

चढ

या भागात चढ टाळून गाडी चालवता येत नाही. बेळगाव शहरात कपिलेश्वर उड्डाणपुलावर वाहतूक अडली की नवशिक्याची परीक्षा तेथेच होते, आणि मागे दोन हातांवर रिक्षा उभी असते. सराव मात्र अशा ठिकाणी करू नये. गावाबाहेरचा एखादा सौम्य चढ निवडावा. नंतर येळ्ळूरहून राजहंसगडावर जाणारा चढ, गर्दी नसलेल्या वेळी, उत्तम आहे.

चढावर थांबून हँडब्रेक पक्का ओढावा. क्लच दाबून पहिला गिअर टाकावा. ॲक्सिलेटर थोडा दाबून इंजिनाचा आवाज भरीव होऊ द्यावा आणि तो तसाच धरून ठेवावा. आता क्लच सावकाश सोडत हाफ क्लचवर आणावा. आवाज खाली दबतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे दिसते. गाडी पुढे जाऊ पाहत असते आणि हँडब्रेकने तिला धरलेले असते. तो ताण जाणवल्यावरच बटण दाबून हँडब्रेक खाली करावा. गाडी मागे न जाता पुढे निघते. ताण जाणवण्यापूर्वी हँडब्रेक सोडला तर गाडी मागे येते, आणि घाबरून क्लच सोडला की बंद पडते. अशा वेळी पायाचा ब्रेक दाबून सर्व काही पुन्हा पहिल्यापासून करावे.

हँडब्रेकशिवाय, केवळ ब्रेकवरून ॲक्सिलेटरवर झटकन पाय नेऊन चढ काढणारे अनुभवी चालक आपण पाहतो. ती पद्धत नंतर आपोआप येते. नव्या गाड्यांत चढावर दोन-तीन सेकंद गाडी धरून ठेवणारी सोय असते; तिच्यावर शिकू नये, कारण उद्या हाती येणाऱ्या दुसऱ्या गाडीत ती असेलच असे नाही. हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरण्याची हौस तर मुळीच करू नये. तबकडी घासत राहते, तापते आणि काही मिनिटांत जळका वास येऊ लागतो.

गावाकडचे रस्ते आणि उसाचा हंगाम

मैदान आणि चढ जमल्यावर सकाळच्या वेळी गावाच्या रस्त्यावर निघावे. हिंडलग्यावरून वेंगुर्ल्याकडे जाणारा रस्ता, खानापूर तालुक्यातील आतले रस्ते, चिकोडी-निपाणी भागातील शेतांमधले रस्ते यांवर खाचखळगे, गुरे आणि न रंगवलेले गतिरोधक मुबलक आहेत. गतिरोधक दिसताच ब्रेकने वेग उतरवून दुसरा गिअर टाकावा आणि चाक त्यावर चढण्याच्या क्षणी ब्रेक सोडलेला असावा. ब्रेक दाबलेला असताना पुढचे स्प्रिंग आधीच दबलेले असल्याने दणका जास्त बसतो.

रस्त्यावरील अनेक सूचना केवळ कन्नडमध्ये असतात. कन्नड वाचता येत नसेल तर शिकाऊ परवान्याच्या तयारीतच ‘निधानवागि चलिसि’ म्हणजे सावकाश चालवा, ‘मुंदे तिरुवु इदे’ म्हणजे पुढे वळण आहे, ‘रस्ते उब्बु’ म्हणजे गतिरोधक, ‘अपघात वलय’ म्हणजे अपघातप्रवण भाग, अशा दहा-बारा पाट्या ओळखायला शिकावे. अक्षर लागले नाही तरी आकार मदत करतो: लाल कडेचा त्रिकोण धोक्याची सूचना देतो, वर्तुळ आज्ञा देते आणि अष्टकोनी लाल पाटी थांबायला सांगते.

कारखान्यांची धुराडी पेटली की या भागातले रस्ते बदलतात. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस चालू असतात आणि एकामागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. रात्री मागून पाहताना उसाच्या लोंबत्या टोकांनी ट्रॉलीचा दिवा झाकलेला असतो, लाल परावर्तक धुळीने माखलेला असतो आणि समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर झोत डोळ्यांत असतो; पुढे काही आहे हे कळते तेव्हा उसाची काळी भिंत पन्नास पावलांवर उभी असते. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच त्या पन्नास पावलांतले जवळजवळ निम्मे अंतर संपते. म्हणून नवशिक्याने हंगामात पहिले काही महिने रात्री गाडी काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसा असा ट्रॅक्टर ओलांडायचा असेल तर दोन ट्रॉल्यांची लांबी लक्षात घ्यावी, मागे अंतर ठेवून पुढचा रस्ता पूर्ण दिसू द्यावा, आरसा पाहून, इंडिकेटर देऊन, तिसऱ्या गिअरमध्ये जोर घेऊन बाहेर पडावे. चौथ्या-पाचव्यात ओलांडायला निघालेली गाडी ऐन मध्यावर दमते. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर पसरते, आणि ती पहिल्या सरीने भिजली की ब्रेक मारताच गाडी घसरते. अशा पट्ट्यावर वेग आधीच उतरवलेला असावा.

शहर आणि महामार्ग

बेळगावात आधी टिळकवाडीतील चौकोनी आखणीचे रस्ते, मग चन्नम्मा सर्कल, आणि खडेबाजार-गणपत गल्लीचा भाग अगदी शेवटी घ्यावा. रेल्वे गेटवर थांबावे लागले तर न्यूट्रल करून हँडब्रेक ओढावा. पहिला गिअर टाकून क्लच दाबून बसू नये. रेंगाळणाऱ्या गर्दीत पुढच्या गाडीला चिकटून हाफ क्लचवर सरकण्यापेक्षा थोडी जागा मोकळी होऊ द्यावी आणि मग क्लच पूर्ण सोडून पहिल्या गिअरमध्ये ती जागा भरावी. मधे एखादी दुचाकी घुसेल; घुसू द्यावी.

पुणे-बंगळूर महामार्गावर सेवा रस्त्यावरून शिरताना वेग महामार्गावरील वाहनांच्या जवळपास नेऊनच मार्गिकेत यावे आणि डाव्या बाजूला राहावे. उजवी मार्गिका ओलांडण्यासाठी आहे, जरी अनेक ट्रक तेथेच ठाण मांडून चालत असले तरी.

चाचणी

पक्क्या परवान्याच्या चाचणीत इशारे देणे, वळणे, रिव्हर्स घेणे, गाडी तातडीने थांबवणे आणि चढावर थांबवून पुन्हा काढणे यांची पाहणी होते. वर सांगितलेला सराव झालेल्याला यात नवे काही नसते, केवळ रिव्हर्सकडे थोडे अधिक लक्ष द्यावे. रिव्हर्समध्ये वेग ॲक्सिलेटरने न ठरवता क्लचने ठरवावा, चेहरा मागे वळवावा आणि स्टेअरिंग थोडे थोडे फिरवावे.

घाट

जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटातून गोव्याला जाण्याचा पहिला प्रवास पावसाळा सोडून, दिवसा आणि शेजारी जाणता चालक घेऊन करावा. पावसाळ्यात कणकुंबीच्या पुढे धुके इतके दाट उतरते की पुढचे वळण दिसत नाही. अशा वेळी दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. वरचा झोत धुक्यावर आपटून डोळ्यांत परत येतो. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देणे हा नियम आहे, कारण चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा काढणे अधिक कठीण असते.

उतरताना एकच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे: ज्या गिअरमध्ये तो चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. बहुतेक वळणांवर दुसरा, मधल्या सरळ पट्ट्यांवर तिसरा. ॲक्सिलेटर सोडला की इंजिनच चाकांना धरून ठेवते आणि ब्रेक केवळ वळणाआधी लागतो. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये, किंवा इंजिनच बंद करून, घाट उतरण्याची रीत काही जुन्या चालकांत अजून दिसते. आजच्या इंजिनांत गिअरमध्ये उतरताना इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, म्हणजे बचतही होत नाही. आणि इंजिन बंद असेल तर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कठीण होतो व स्टेअरिंगही जड होते.

ब्रेक सतत दाबून उतरल्यास ते तापतात, जळका वास येतो, पेडल नेहमीपेक्षा खोल जाते आणि गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. हे जाणवताच खालचा गिअर टाकून पहिल्या रुंद, वळणापासून दूर असलेल्या जागी गाडी बाजूला घ्यावी. उतारावर उभी करताना इंजिन बंद करून रिव्हर्स गिअर टाकून ठेवावा, पुढची चाके डोंगराच्या बाजूला वळवावीत आणि चाकामागे-पुढे दगड लावावा. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये, त्याने ब्रेकच्या डिस्कला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकू शकते. अर्धा तास थांबावे, निघण्यापूर्वी इंजिन सुरू करून पेडल दोनदा दाबून पाहावे, आणि ते पूर्ववत कडक लागले तरच दुसऱ्या गिअरमध्ये पुढे निघावे. पेडल मऊच लागले तर गाडी तेथेच ठेवून मेकॅनिकला बोलवावे.